एक्केचाळीस दात

सांगलीहून निघालेल्या पॅसेंजरमध्ये माझ्या मांडीवर एक गोणपाटाची पिशवी होती आणि पिशवीत तीन दातेरी चक्रं. एक ३६ दातांचं, एक ४५ आणि एक ५२. किर्लोस्करवाडी गेली, कराड गेलं, मसूर आणि तारगावही मागं पडलं, तरी तिघांतलं कुठलं ठेवायचं ते माझं ठरत नव्हतं. दिवाळीची सुट्टी होती. कॉलेजातल्या बावीस पोरांनी हा निर्णय माझ्यावर सोपवला होता, कारण गाडीच्या मागच्या एक्सलचं काम माझ्याकडे होतं.

आम्ही रेसिंग कार बांधत होतो. ‘फॉर्म्युला भारत’ नावाची स्पर्धा दरवर्षी जानेवारीत कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर भरते. देशभरातली इंजिनिअरिंगची मुलं स्वतःच्या हातानं एकेक गाडी बांधून तिथं आणतात. उघड्या चाकांची, एका माणसाची, जमिनीला जवळजवळ घासणारी गाडी. आमच्या गाडीच्या पाठीत चाकणला बनलेलं, केटीएम ३९० मोटरसायकलचं ३७३ सीसीचं इंजिन होतं. नियम असा की इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच भोकातून गेली पाहिजे. पेट्रोलवर चालणाऱ्या सगळ्यांना हा नियम सारखा. त्यामुळे ताकद वाढवायला फारसा वाव नसतो, आणि हातात आहे ती ताकद चाकापर्यंत कशी न्यायची हा प्रश्न मोठा होऊन बसतो.

ज्यांनी कधी गाडीच्या पोटात डोकावलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. इंजिनाच्या बाजूला १५ दातांचं छोटं चक्र, मागच्या एक्सलवर मोठं चक्र, मधे साखळी. मागं ४५ दात असले तर पुढचं चक्र तीनदा फिरल्यावर मागचं एकदा फिरतं. मागचे दात वाढवले की ओढ वाढते आणि वेग कमी होतो. दात कमी केले की उलटं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीत आणि जीपमध्ये हेच काम साखळीऐवजी क्राऊन-पिनियनची जोडी करते. हिशेब तोच. अमेरिकेत फोर्ड मस्टँग जीटी घेणाऱ्याला काही वर्षं मागच्या एक्सलसाठी ३.३१, ३.५५ आणि ३.७३ अशा जोड्यांतून निवड करावी लागायची. कागदावर हे आकडे एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात. रस्त्यावर त्याच गाडीचा स्वभाव पालटतो.

आमच्या पोरांत दोन तट पडले होते. कॉलेजच्या आतल्या सरळ रस्त्यावर ५२ दात लावून गाडी सोडली तेव्हा ती अशी उसळली की सगळे ओरडले. मागच्या चाकांतून धूर निघाला. तो व्हिडिओ रात्रीतून साऱ्या हॉस्टेलच्या मोबाइलवर फिरला. तेव्हापासून अर्ध्या टीमचं ठरलं होतं की ५२ च लावायचं आणि ७५ मीटरच्या अ‍ॅक्सेलरेशनच्या फेरीत नाव काढायचं. उरलेल्यांना ३६ हवं होतं, कारण त्यांना गाडीचा पुढचा वेग बघायचा होता. ४५ हे मूळ मोटरसायकलवर येतं तेच, म्हणून त्याला कुणीच वाली नव्हता. माझं मन ५२ कडे होतं, हे कबूल करायला हवं. धूर मीही बघितला होता.

रहिमतपूर स्टेशनवर उतरून वडापच्या जीपनं गावात आलो. आबा अंगणात खाटेवर बसले होते. माझे आजोबा. वय ऐंशीच्या घरात, डोळ्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पण हाताची बोटं अजून पकडीसारखी. त्यांनी आयुष्याची चाळीस वर्षं रहिमतपूरच्या सातारा रस्त्याला जीपगाड्या आणि ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात घालवली होती. मी पिशवी त्यांच्यापुढं रिकामी केली आणि सगळी हकिगत सांगितली. धुराची सुद्धा.

त्यांनी तिन्ही चक्रं एकेक करून हातात घेतली, अंगठ्यानं दात चाचपले, आणि विचारलं, “वाट कसली हाय?”

“ट्रॅक आहे, आबा. डांबरी.”

“ते कळलं. वळणं किती? सगळ्यांत लांब सरळ तुकडा केवढा? सगळ्यांत आवळ वळणातनं गाडी किती वेगानं भाईर पडती?”

मला सांगता येईना. आम्ही इंजिनाचे आलेख काढले होते, वजनाचे हिशेब केले होते. वाटेचा हिशेब कुणी केला नव्हता.

“बरं, चालवतंय कोण?”

“मिरजेची एक मुलगी आहे. चांगली चालवते.”

“ती काय म्हणती?”

“तिला...” मी थांबलो. “तिला विचारलं नाही.”

आबांनी ५२ दातांचं चक्र खाली ठेवलं आणि चपला शोधायला लागले. “चल. पाय मोकळं करून येऊ.”

*

आमच्या गावात रणदुल्लाखानाची कबर आहे, मशीद आहे, आणि तिथंच जवळ पाण्याचा जुना उंच मनोरा आहे. गावात त्याला हत्तीची मोट म्हणतात. रणदुल्लाखान हा विजापूरच्या आदिलशाहीतला सरदार. मशिदीच्या कारंज्याला पाणी पुरवायला इथं हत्तीकडून मोट ओढून घेत, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. लहानपणापासून मी त्या मनोऱ्याच्या सावलीत खेळलो, पण त्याच्याकडे यंत्र म्हणून कधी बघितलं नव्हतं.

आबा मनोऱ्याच्या उतरणीपाशी उभे राहिले. “हत्ती का लावला?”

“ताकद जास्त म्हणून.”

“आरं, ताकद कशाला लागली?”

मग ते मोटेविषयी बोलायला लागले, आणि मी ते ऐकतच राहिलो, कारण ही गोष्ट त्यांच्या अंगात मुरलेली होती. त्यांच्या लहानपणी आमच्या मळ्यातल्या विहिरीवर मोट होती. पहाटे चांदणी असताना बैल जुंपायचे. वरच्या चाकावरून नाडा, नाड्याला कातड्याची मोट. बैल धावेवरून खाली उतरत जातात तशी भरलेली मोट वर येते आणि थारोळ्यात ओतते. मग बैल मागं सरत पुन्हा वर येतात. आबा तेव्हा दहा-बारा वर्षांचे. मोट वर येताना ते नाड्यावर बसायचे, म्हणजे त्यांच्या अंगाचं तेवढंच वजन बैलांच्या मदतीला.

“मोटंला गिअर नसतो,” ते म्हणाले. “वरचं चाक नुसती दिशा बदलतं. बैल जेवढं चालंल तेवढीच मोट वर येती. मोटंत जेवढं वजन, तेवढंच बैलाच्या मानंवर. कुठं सूट न्हाई. म्हणून धाव उताराची करायची, म्हंजी जनावराचं अंगचं वजन कामाला येतं. आता सांग, धाव किती लांब ठेवायची हे कोण ठरवतं?”

“बैल,” मी म्हणालो. लगेच वाटलं की चुकलो.

“हीर ठरवती. हीर जेवढी खोल, तेवढी धाव लांब. आखूड केली तर मोट वर यायच्या आत बैल खाली पोचतो अन् मोट मधीच लोंबती. लांब केली तर जनावर फुकट चालतं. शेजाऱ्याची धाव केवढी हाय ते बघून आपली कुणी बांधत न्हाई. शेजाऱ्याची हीर येगळी.”

त्यांनी मनोऱ्याकडे मान वर करून बघितलं. “हितं पाणी नुसतं भाईर काढायचं नव्हतं, वर चढवायचं होतं. कारंजं उडवायचं तर उंची पायजे. म्हंजी वजन बी जास्त, वाट बी लांब. बैलाच्यानं ते व्हायचं नव्हतं, म्हणून हत्ती. आधी पाणी कुठं न्यायचं ते ठरलं. हत्ती मागनं आला.” मग माझ्याकडे वळून, अगदी मऊ आवाजात, “तुमी पोरांनी आधी हत्ती आणलाय, बाळा.”

*

त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी घरात आधी कुणाला सांगितली नव्हती. आजीला माहीत असावी, पण आजी आता नाही.

ते तिशीत असतानाची गोष्ट. वडापचा धंदा नुकताच जोर धरत होता. एका जीपमालकाचा आग्रह होता की त्याची गाडी स्टँडवर सगळ्यांच्या आधी पोचली पाहिजे. जो आधी पोचेल त्याला माणसं मिळतात. जुनी विलीज बांधणीची जीप, मागं-पुढं दोन्हीकडं क्राऊन-पिनियन, ८ दातांचं पिनियन आणि ४३ दातांचा क्राऊन. म्हणजे ५.३८. ओढायला राक्षस, पण सातारा रस्त्याला पळायला लागली की इंजिन रडायचं. आबांनी कराडच्या जुन्या बाजारातून एक जोडी पैदा केली, ८ ला ३९. म्हणजे ४.८८. तीही विलीजचीच, आधीच्या जीपची. ही बसवली की इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी दहा टक्के जास्त पळते.

ही जोडी बसवणं म्हणजे काय काम असतं ते आबांनी मला नंतर एकदा गॅरेजमध्ये करून दाखवलं होतं, आणि मी आजवर बघितलेल्या कामांत ते सगळ्यांत नाजूक काम आहे. पिनियन किती आत बसलंय ते कागदासारख्या पातळ शिमा घालून-काढून साधायचं. दोन दातांमधला प्ले केसाएवढा. मग क्राऊनच्या चार-पाच दातांवर निळं लावायचं आणि हातानं फिरवायचं. पिनियन जिथं टेकतं तिथलं निळं पुसलं जातं. तो पुसलेला ठसा दाताच्या बरोबर मधे, लांबट, बदामाच्या आकाराचा यायला हवा. कडेला आला तर ओझ्याखाली दात तुटतो. बुडाला आला तर गाडी चालताना हौसिंग, म्हणजे ही जोडी ज्यात बसते तो एक्सलचा डबा, रडत राहतं. आबा दहा-दहा वेळा उघडून शिम बदलत आणि पुन्हा निळं लावत. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनं तयार होतात, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो, आणि त्यांची ताटातूट करायची नाही, हे ते देवाच्या नियमासारखं सांगत.

त्या जीपच्या मागच्या हौसिंगमध्ये त्यांनी ४.८८ ची जोडी अशीच जीव ओतून बसवली. ठसा बरोबर बदामी. आवाज नाही. मालक खूश. गाडी स्टँडवर पहिली पोचायला लागली. आबा बोलता बोलता जरा थांबले. “माजं काम चोख होतं. त्यात खोट न्हवती. म्हणून तर दिसलं न्हाई.”

पुढचं हौसिंग त्यांनी तसंच ठेवलं होतं, ५.३८ चं. दुसरी जोडी मिळाली नव्हती, आणि मालकाला घाई होती. रोज मागच्या दोन चाकांवरच तर पळायची. पुढचं कोण वापरतंय?

पावसाळ्यात एका संध्याकाळी ओढ्याच्या उतारावर जीप चिखलात रुतली. ड्रायव्हरनं पुढची चाकं जोडली. चिखलात चाकं घसरत होती म्हणून काही झालं नाही, गाडी बाहेर आली. तो पुढची चाकं सोडवायला विसरला आणि तसाच डांबरावर चढला. आता मागचा एक्सल एका वेगानं जमीन मागतोय आणि पुढचा दुसऱ्या. डांबर दोघांनाही घसरू देत नाही. अर्धा मैल जीप अंग आखडून चालली, मग दोन्ही एक्सलांना जोडणारी मधली ट्रान्सफर केस फुटली. आत बारा-चौदा माणसं होती. सगळी सुखरूप उतरली आणि पावसात भिजत गावापर्यंत चालत आली. त्यांत दोन म्हाताऱ्या होत्या, आणि एकीला आबा मावशी म्हणायचे.

“माणसं चांगली होती. मला कुणी काय बोललं न्हाई,” आबा म्हणाले. “मावशी तर म्हणली, लेकरा, गाडी हाय, मोडायचीच. त्यानं लई लागलं.”

ट्रान्सफर केसचे पैसे त्यांनी स्वतः भरले, दीड वर्ष, महिन्याला थोडे थोडे. आणि त्यानंतर एक रीत पाळली. कुठल्याही गाडीच्या हौसिंगला हात लावायच्या आधी ते एक दिवस त्या गाडीतून, तिच्या नेहमीच्या ड्रायव्हरशेजारी बसून, तिच्या नेहमीच्या वाटेनं जायचे. ऊस वाहणारी असली तर उसासकट. औंधच्या यात्रेला जाणारी असली तर तो चढ चढून. गिऱ्हाईकं म्हणायची की मिस्त्री फुकट फिरतोय. आबा खिडकीला हात टेकून ड्रायव्हरचा डावा हात बघत बसायचे, कितव्या वळणाला गिअरकडं जातो ते.

*

सुट्टी संपायच्या आधीच मी सांगलीला परतलो. मैदानावर शंकू मांडून कारीच्या ट्रॅकसारखी आखणी केली. या स्पर्धेत गाडी मुद्दामच वळणावळणांतून नेतात, दूरवर भरधाव सुटायला जागाच ठेवत नाहीत. कारीचा ट्रॅक ज्यांच्या नावानं आहे त्या करिवर्धन यांनी मारुतीच्या छोट्या इंजिनावर स्वस्तात रेसिंग कार बांधून शेकडो तरुणांना या खेळात आणलं होतं. लहान इंजिनातून वाट काढायची परंपरा त्या मातीला आहेच.

मिरजेच्या मुलीला मी पहिल्यांदा नीट विचारलं. तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “५२ लावलं की आवळ वळणातून बाहेर पडतानाच पहिला गिअर संपतो. स्टिअरिंग अजून वळलेलं असतं आणि मला एक हात काढून दांडा ओढावा लागतो. त्या वेळी गाडी एका हातावर असते. मी हे दोनदा ग्रुपवर लिहिलं होतं.”

मी मोबाइल काढून बघितलं. लिहिलं होतं. धुराच्या व्हिडिओखाली, दोन्ही वेळा, कुणीही उत्तर दिलं नव्हतं. मीही नाही.

आता मी आबांसारखा शेजारी बसू शकत नव्हतो, गाडीत दुसरी जागाच नाही. म्हणून तिच्या उजव्या हातावर रोखून कॅमेरा लावला आणि तिन्ही चक्रं आळीपाळीनं बसवून फेऱ्या मारल्या. ५२ ला एका फेरीत १९ वेळा हात स्टिअरिंगवरून निघत होता. ४५ ला १४ वेळा. ३६ ला फक्त ६ वेळा, पण आवळ वळणातून बाहेर आल्यावर इंजिन घोरत राहायचं, आणि पुढच्या शंकूपर्यंत जीव धरेपर्यंत वळण येऊन ठेपायचं.

मग हिशेब मांडला, यावेळी वाटेकडून. आमची सगळ्यांत आवळ वळणं ताशी ४० किलोमीटरच्या आसपास सुटत होती. टायरचा परीघ १.६ मीटर. इंजिनाच्या मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांवर पहिला गिअर कुठं संपतो ते मांडलं. ५२ दातांना ३५ वर. ४५ दातांना ४० वर, म्हणजे नेमका त्या ठिकाणी, जिथं तिला दोन्ही हात हवे होते. ३६ दातांना ५० वर.

आणि धुराचा अर्थही त्या रात्री कळला. आमच्या मागच्या टायरांना जमिनीवर जेवढी पकड होती, जवळजवळ तेवढा सगळा जोर ४५ दातांनाच पहिल्या गिअरमध्ये लागत होता. ५२ नं दिलेला वरचा जोर जमिनीत उतरतच नव्हता, रबर जाळत होता. आम्ही ज्याला ताकद समजून ओरडलो होतो ती वाया चाललेली ताकद होती. मला हे सांगताना आजही वाईट वाटतं, कारण ते समजायला कुठल्याही प्रयोगशाळेची गरज नव्हती. रस्त्यावरचे दोन काळे पट्टे आम्ही फोटोत घेतले होते.

आकडे ४० दातांपाशी येऊन थांबत होते. पहिला गिअर ताशी ४५ किलोमीटरच्या थोडा पुढं संपणारा, दुसरा ६५ पर्यंत, म्हणजे बहुतेक फेरी दोन गिअरांत. मी आबांना फोन केला.

“चाळीस नको,” ते म्हणाले. “एक्केचाळीस कर. साखळीच्या कड्या सम असत्यात का विषम?”

“सम.”

“मग दात विषम पायजे. न्हाईतर तीच कडी त्याच जातीच्या दातावर जन्मभर बसती. एक दात जास्त झिजतो, शेजारचा कमी. एक्केचाळीस ठेवलं की हरेक कडी हरेक दाताला भेटती. झीज वाटून जाती.” मग थोड्या वेळानं, “आपल्या जीपला तेवढ्यासाठीच ८ ला ४३ हाय. बनवणाऱ्यानं इचार केलाय.”

मूळ मोटरसायकलचेही १५ आणि ४५, दोन्ही विषम, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

मीटिंगमध्ये मात्र मन वळवायला दोन तास लागले. ५२ वाल्यांचा नेता माझा खोलीमित्र होता. तो म्हणाला, “म्हणजे अ‍ॅक्सेलरेशनमध्ये आपण नाव काढायचंच नाही?” मी म्हणालो, कदाचित नाही. त्या ७५ मीटरच्या फेरीचे गुण सगळे मिळाले तरी ते एन्ड्युरन्सच्या गुणांच्या मानानं खूपच कमी भरतात, आणि एन्ड्युरन्स म्हणजे सुमारे २२ किलोमीटर याच वळणांतून. तो बोलला नाही. मग मिरजेची मुलगी उठली आणि तिनं आपला तळवा टेबलावर ठेवला. अंगठ्याच्या बुडाशी दांडा ओढून ओढून फोड येऊन फुटला होता. ती एवढंच म्हणाली, “एका फेरीला एकोणीस. बावीस किलोमीटरला किती ते तुम्हीच काढा.”

खोलीमित्रानं दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः सांगलीच्या एमआयडीसीत जाऊन ७०७५ अ‍ॅल्युमिनिअमच्या पत्र्यातून ४१ दातांचं चक्र वायरकटवर कापून आणलं.

*

कारीवर अ‍ॅक्सेलरेशनमध्ये आम्ही खूप मागं राहिलो. आमच्या शेजारच्या पिटमधली गाडी धूर काढत सुटली आणि प्रेक्षकांत तोच ओरडा उठला. आमची टीम जाळीला धरून गप्प उभी होती. मी खोलीमित्राकडे बघायचं टाळलं.

एन्ड्युरन्सला निम्म्या अंतरावर चालक बदलावा लागतो. इंजिन बंद करायचं, एक उतरतो, दुसरा बसतो, आणि तापलेलं इंजिन पुन्हा चालू करायचं. तिथं कितीतरी गाड्या कायमच्या थांबतात. पहिली निम्मी वाट मिरजेच्या मुलीनं काढली. मी फेऱ्या मोजत नव्हतो, तिचा उजवा हात बघत होतो. आवळ वळणातून ती दोन्ही हातांनी बाहेर पडायची, गाडी सरळ व्हायची, आणि मग, सवडीनं, हात दांड्याकडं जायचा. ती उतरली तेव्हा हेल्मेटमधून घामाची धार लागली होती. दुसरा चालक बसला. पहिल्यांदा बटण दाबलं, इंजिन चाललं नाही. दुसऱ्यांदा चाललं. आमच्या कॉलेजची गाडी तोवर एकदाही पूर्ण बावीस किलोमीटर धावली नव्हती. त्या दिवशी धावली.

आम्हाला बक्षीस मिळालं नाही. आमचा क्रमांक मधल्या गर्दीत कुठंतरी होता.

फेब्रुवारीत मी रहिमतपूरला गेलो तेव्हा ते ४१ दातांचं चक्र गाडीवरून उतरवून सोबत घेतलं होतं. मिरजेची मुलगी आणि खोलीमित्र दोघेही आले होते, त्यांना हत्तीची मोट बघायची होती. मळ्यात आल्याची काढणी चालली होती आणि साऱ्या अंगणाला आल्याचा वास होता. आबांनी क्रमांक विचारला नाही. त्यांनी आधी मुलीचा हात मागितला, उजवा. उन्हाकडं करून तळवा बघितला. फोडाच्या जागी कातडी नवी, गुलाबी होती.

मग ते चक्र घेऊन खाटेवर बसले. अ‍ॅल्युमिनिअम मऊ, म्हणून एका हंगामातच झीज दिसते. त्यांनी एका दातावर खडूची खूण केली आणि तिथून नख फिरवायला सुरुवात केली, दात ते खाच, खाच ते दात, एकेक, सावकाश, ओठांत मोजत. आम्ही तिघं समोर जमिनीवर बसलो होतो. कुणी काही बोललं नाही. खडूच्या खुणेपाशी नख परत आलं तसे ते थांबले.

“एक्केचाळीस,” ते म्हणाले. “समदं सारखं.” आणि चक्र त्यांनी माझ्या खोलीमित्राच्या हातात दिलं.